अकराशे व्होल्टची कुजबुज

भिवंडीच्या यंत्रमागाची एक हॉर्सपॉवरची मोटर आणि कोलशेत रोडवरच्या टॉवरमधल्या पाण्याच्या पंपाची मोटर, दोन्ही आमच्या बाळकुमच्या गाळ्यात एकाच टेबलावर उघडतात. आतून दोघींची घडण एकच. पत्र्यांचा गाभा, गाभ्यातले स्लॉट, स्लॉटात इनॅमल वायरच्या कॉइल, तोंडाशी पाचर. मरण मात्र वेगवेगळे येते. मागाची मोटर उघडली की आत कापसाचे तूस गच्च बसलेले असते, हवा कोंडून वाइंडिंग सगळीकडून सारखे काळे पडलेले असते आणि जळक्या वॉर्निशचा वास गाळाभर पसरतो. ती कशाने गेली हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. टॉवरच्या पंपाची मोटर उघडावी, तर वाइंडिंग परवाच भरल्यासारखे दिसते. रंग तांबूस, वॉर्निश चकचकीत, बांधलेली दोरी जागच्या जागी. मग टॉर्च घेऊन शोधत गेले की लाइनकडच्या पहिल्याच कॉइलमध्ये, तार स्लॉटातून बाहेर वळते तिथे, नखाएवढा काळा डाग सापडतो. त्यात वितळून गोठलेला तांब्याचा बारीक थेंब. बाकी सगळी मोटर ठणठणीत.

हा डाग पडायच्या आधी पकडता येतो, हे कळल्यापासून माझे या कामाकडे बघणेच बदलले.

वडिलांनी गाळा घेतला तेव्हा कोलशेत रोड हा केमिकल कंपन्यांचा रस्ता होता. बायर होती, क्लॅरियंट होती. कापूरबावडीच्या पलीकडे वागळे इस्टेट होती. १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीची सुरुवातीची वसाहत. तिकडच्या मोटरी थेट लाइनवर चालायच्या. स्टार्टर दाबला की चालू, सोडला की बंद. मोटर जळाली की टेम्पोत घालून यायची, आमचे मामा जुने तांबे काढायचे, फेऱ्या मोजायचे, फॉर्म्यावर नव्या कॉइल घालायचे, मोटर भरायचे, वॉर्निश करून ओव्हनमध्ये टाकायचे. मेगर मारला, काटा वर गेला, मोटर रवाना. त्या मोटरी वर्षानुवर्षे चालल्या आणि मामांच्या हाताचे नाव झाले. आज त्या कंपन्यांच्या जागांवर उंच वसाहती आहेत. आमच्याकडे येतात ते तिथले बूस्टर पंप, सांडपाण्याच्या प्लांटचे ब्लोअर, तळघरातले पंखे. यातली बरीच मंडळी ड्राइव्हवर चालतात. हात तोच, तार तीच, वॉर्निशही तेच. पण मोटरीला मिळणारी वीज आता ती राहिलेली नाही.

ड्राइव्ह काय करतो ते सांगते, कारण सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते. ४१५ व्होल्टच्या लाइनचे शिखर ५८७ व्होल्टला असते. ड्राइव्हच्या पोटात या विजेचा डीसी होतो आणि आयजीबीटी नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच तो डीसी तोडून तोडून मोटरला देतात. तोडण्याचा वेग सेकंदाला ४,००० ठेवला, तर अखंड चालणाऱ्या पंपाला दिवसाला साडेचौतीस कोटी ठोके बसतात. नुसते ठोके असते तरी एक वेळ चालले असते. प्रत्येक ठोक्याची चढण फार उभी असते. सेकंदाच्या एक कोटीव्या भागात व्होल्टेज शून्यावरून वर पोचू शकते. अशी लहर केबलमधून धावत मोटरीच्या टर्मिनलवर आपटते, तिथून मागे फिरते, आणि येणारी-जाणारी एकमेकींवर चढून टर्मिनलवर जवळजवळ दुप्पट व्होल्टेज उभे राहते. ५८७ चे ११७० होतात. त्यासाठी केबल फार लांब लागत नाही. इतक्या उभ्या लहरीला सात-आठ मीटर पुरतात.

आणि आमच्या भागात केबल लांबच असते. २६ जुलै २००५ च्या पावसानंतर मुंबई-ठाण्यात ज्याने ज्याने तळघरात पाणी शिरलेले पाहिले, तो पॅनेल खाली ठेवायला धजत नाही. पंप तळघरात, टाकीशेजारी. ड्राइव्हचे पॅनेल वर पोडियमवर. निर्णय शहाणपणाचाच आहे, मीसुद्धा तोच घेतला असता. पण त्यापायी पन्नास-साठ मीटर केबल मध्ये येते, आणि मोटरीच्या वाट्याला जे येते ते पॅनेलवरच्या कुठल्याही मीटरवर दिसत नाही.

हे ११७० व्होल्ट सगळ्या वाइंडिंगवर सारखे वाटले गेले असते तर काळजी नव्हती. उभी लहर आत शिरताना तिचा मोठा हिस्सा पहिल्या कॉइलच्या पहिल्या काही फेऱ्यांतच अडकतो. हाताने भरलेल्या मोटरीत फेऱ्या ओळीने बसत नाहीत. तारांचा जुडगा स्लॉटात उतरतो तेव्हा पहिली फेरी शेवटच्या फेरीला खेटून बसू शकते. दोघींच्या मध्ये इनॅमलचे दोन थर, प्रत्येकी साधारण ३० ते ४० मायक्रॉन. आणि गोल तारा एकमेकींना टेकतात तिथे दोन्ही बाजूंना हवेची पाचरीसारखी फट राहते. विजेचा ताण इनॅमलपेक्षा हवेवर जास्त पडतो, आणि हवा इनॅमलपेक्षा कितीतरी लवकर हार मानते. फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ साली दाखवून दिले की ठिणगी कधी पडणार हे हवेचा दाब आणि फटीची रुंदी यांच्या गुणाकारावर ठरते. आणि साध्या हवेत साधारण ३३० व्होल्टच्या खाली, फट कितीही कमी-जास्त करा, ठिणगी पडतच नाही. लाइनवरच्या मोटरीत शेजारच्या दोन फेऱ्यांमध्ये एवढे व्होल्टेज कधी येतच नव्हते. मामांच्या मोटरी वर्षानुवर्षे टिकल्या त्या याच उंबऱ्याच्या आत राहून. ड्राइव्हने तो उंबरा ओलांडला.

ओलांडल्यावरही लगेच धडाका होत नाही. ठिणगी पडते ती फक्त त्या फटीतल्या हवेत. इनॅमल अजून शाबूत असते, म्हणून ती एका तारेपासून दुसरीपर्यंत पूर्ण पोचत नाही. तिला पार्शल डिस्चार्ज म्हणतात, आम्ही गाळ्यात पीडी म्हणतो. एक पीडी काही अब्जांश सेकंदात संपते. पण दर ठोक्याला ती त्याच जागी पडत राहिली की आयन इनॅमल खरवडतात, ओझोन त्याला ठिसूळ करतो, थर पातळ होत जातो, आणि एके दिवशी दोन फेऱ्या तांब्याला तांबे लागून शॉर्ट होतात. उरतो तो नखाएवढा डाग.

मेगरला यातले काही कळत नाही. मेगर वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधला रोध मोजतो. १,००० व्होल्टच्या आतल्या मोटरीला ५ मेगओहम हा मान्य किमान आकडा आहे, आणि आमच्याकडे मेलेल्या मोटरीसुद्धा कधीकधी शेकडो मेगओहम दाखवतात. शॉर्ट दोन फेऱ्यांत असतो, दोन्ही फेऱ्या बॉडीपासून व्यवस्थित अलग असतात. मेगर खोटे बोलत नाही, त्याला तो प्रश्नच विचारलेला नसतो.

तो प्रश्न विचारायला सर्ज टेस्टर. यंत्रात कपॅसिटर भरतो आणि एका झटक्यात वाइंडिंगमध्ये रिकामा होतो. कॉइल आणि कपॅसिटर मिळून झंकारतात. पडद्यावर वर-खाली होत विरत जाणारी लहर उमटते. माठ घेताना आपण बोटाने टिचकी मारतो आणि आवाजावरून तडा ओळखतो, तेच हे. एखादी फेरी शॉर्ट असेल तर कॉइलचा इंडक्टन्स घटतो, लहर घाईने डुलते आणि पडद्यावर डावीकडे सरकते. तिन्ही फेजच्या लहरी एकमेकींवर ठेवायच्या. तंतोतंत बसल्या तर वाइंडिंग चांगले. ४१५ व्होल्टच्या मोटरीला आम्ही दुप्पट अधिक १,००० या नेहमीच्या हिशोबाने १,८३० व्होल्टपर्यंत चढतो.

पण नुसता सर्ज एवढेच सांगतो की १,८३० ला फेरी तुटली की नाही. तुटली नाही म्हणून खाली कुठेच काही घडत नव्हते, असे त्यातून निघत नाही. आमच्या नव्या टेस्टरला पीडी पकडणारा कपलर आहे. सर्जची लहर मोठी आणि मानाने संथ. पीडीचा ठोका इवलासा आणि कित्येक मेगाहर्ट्झचा. फिल्टर संथ लहर अडवतो आणि बारीक ठोके पुढे सोडतो. पडद्यावर दोन ओळी दिसतात: वर सर्जची मोठी वळणे, खाली एक सपाट रेघ. व्होल्टेज पायरीपायरीने वाढवत गेले की एका जागी त्या सपाट रेघेवर काटे फुटतात. सुरुवातीला एखादा, तोही एका ठोक्याला येतो, दुसऱ्याला येत नाही. म्हणून पहिल्या काट्यावर भरवसा ठेवायचा नाही. दहा ठोक्यांत पाचाहून जास्त वेळा काटा आला की ते व्होल्टेज नोंदवायचे, हा आंतरराष्ट्रीय मानकातला नियम आहे. मग उलट खाली उतरायचे आणि काटे कुठे विझतात तेही लिहायचे. विझण्याचा आकडा नेहमी खालचा असतो. एकदा सुरू झालेली पीडी सुरू झाली त्यापेक्षा कमी व्होल्टेजवरही तग धरते. पंपाच्या दृष्टीने हे महत्त्वाचे, कारण एखाद्या उंच लहरीने सुरुवात करून दिली की पुढचे नेहमीचे ठोके ती चालू ठेवू शकतात.

हे सगळे पहिल्यांदा लावले तेव्हा खालची रेघ सपाट नव्हतीच. टेस्टर शून्यावर असतानाही काटेच काटे. शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग चालू होते, मागच्या गाळ्यात ड्राइव्हवरचा कॉम्प्रेसर, आणि टेबलावर मोबाइल. जी गोष्ट ऐकायची ती इतकी लहान की आसपासचे सगळे तिच्यावर आवाज चढवतात. आता आधी कमी व्होल्टेजवर परिसराचा गोंगाट मोजून घेतो, टेस्टरचा स्वतःचा स्विच चालू होताना येणारा काटा ओळखून बाजूला काढतो, लीड आखूड ठेवतो. नाजूक कामे शुक्रवारी, शेजारचे गाळे बंद असतात तेव्हा.

ज्या मोटरीने मला पटवले ती पंधरा हॉर्सपॉवरच्या बूस्टर पंपाची. दुसरीकडे भरून दोनदा जळाली होती, तिसऱ्यांदा आमच्याकडे आली. मामांनी नेहमीच्या निगुतीने भरली. वॉर्निशच्या आधी मेगर उत्तम. सर्ज १,८३० पर्यंत चढवला. तिन्ही लहरी एकीवर एक, केसभरही फरक नाही. पण दोन फेजच्या मध्ये खालच्या रेघेवर १,१०० व्होल्टपासूनच काटे फुटत होते. वर सगळे ठीक, खाली कुजबुज. आणि ही मोटर जिथे जाणार तिथे ११७० व्होल्ट तिची वाट बघत होते.

मामा म्हणाले, “ताई, सर्ज पास झाला ना? मग आता काय शोधतेस?”

मी म्हटले, “मामा, तुटली नाही हे खरं. पण तिला दुखायला सुरुवात कुठे होते ते बघतेय.”

त्यांना ते आवडले नाही. मोटर पास आहे आणि पोरगी ती सोडत नाही, याचा अर्थ आपल्या हातात खोट आहे, असेच कुणालाही वाटेल. मीही आकडा पुढे करून वाद घातला नाही. त्यांना जवळ बसवले, टेस्टर १,२०० वर ठेवला आणि बांबूच्या कोरड्या पट्टीने मागच्या बाजूचे कॉइलचे डोके अगदी हलके दाबत गेले. एका जागी दाबले की काटे कमी, सोडले की परत. मामांनी चष्मा वर केला, दिवा जवळ घेतला. दोन फेजच्या कॉइलमध्ये घातलेला फेज पेपर दोरी बांधताना जरासा सरकला होता. दोन फेजच्या दोन तारा, जेमतेम बोटभर लांबीत, मध्ये पेपर नसताना एकमेकींना टेकल्या होत्या. मेगरला ते कधीच दिसले नसते. लाइनवरच्या मोटरीत त्याने आयुष्यात काही बिघडलेही नसते, आणि म्हणूनच मामांच्या बोटांना तिथे दुसऱ्यांदा बघायची सवय नव्हती. दोरी सोडली, पेपर रुंद कापून पुन्हा घातला, पहिल्या कॉइलच्या तोंडाला जादा स्लीव्ह चढवली. मग वॉर्निश नुसते बुडवून न घेता व्हॅक्यूममध्ये, पुढे दाबाखाली. त्याने फटीतली हवा निघून तिथे रेझिन बसते. ओव्हनमधून काढून थंड झाल्यावर मोजले. काटे १,६०० च्या पुढे गेले होते.

त्या दिवसापासून मामा दोरी बांधून झाली की स्वतःच पेपर ओढून बघतात, आणि वॉर्निशच्या आधी विचारतात, “कितीला बोलली?”

पीडी दिसली की मोटर टाकाऊ, असा मात्र समज नको. ६.६ केव्हीच्या मोठ्या मोटरीत थोडी पीडी गृहीतच धरलेली असते. तिथे तारांवर अभ्रकाची पट्टी असते, आणि अभ्रक हा मार वर्षानुवर्षे सोसते. तशा मोटरीचे झाकण काढले की कधीकधी दोन फेजच्या कॉइलमध्ये पांढरी भुकटी जमलेली दिसते. हवेत ओझोनचा तो तिखट वास असतो. ती भुकटी पुसून, नोंद करून, पुढच्या शटडाउनला पुन्हा पाहायची. ताराच गोल आणि थर इनॅमलचा असेल तर मात्र हे चालत नाही. इनॅमल सेंद्रिय आहे. ते मार खाऊन बरे होत नाही. धातूंच्या ऑक्साइडचे कण मिसळलेली ड्राइव्हसाठीची खास तार मिळते, ती बराच जास्त काळ टिकते, पण तिच्यावर विसंबून भरताना ढिलाई केली तर ती तरी किती झुंजेल? माझे मत असे की आधी हवा काढावी, मग तार बदलावी.

आकड्याला आणखी एक अट आहे, आणि ती ठाण्यात सोडून चालणारच नाही. तापमान आणि दमटपणा बदलला की पीडी सुरू होण्याचे व्होल्टेज बदलते. जुलैत भिंतींना ओल सुटलेली असताना घेतलेला आकडा आणि जानेवारीतला आकडा एकमेकांशेजारी ठेवून “मोटर खराब झाली” म्हणणे हा मोटरीवर अन्याय आहे. म्हणून मोजण्याआधी स्टेटर ओव्हनमध्ये कोरडा करतो, गाळ्याच्या तापमानापर्यंत येऊ देतो, आणि कार्डावर आकड्याशेजारी तापमान व आर्द्रता लिहितो.

त्याच बूस्टर पंपाची जोडीदार मोटर, स्टँडबायची, मी मागून घेतली. ती अजून कंपनीच्या मूळ वाइंडिंगवर होती, कधी जळली नव्हती. कोरडी करून मोजली तर काटे १,००० च्या थोडे वर. सोसायटीच्या बैठकीत एका निवृत्त शिक्षकांनी सरळ विचारले, “मॅडम, मोटर चालतेय, मेगर चांगला आहे, मग खर्च कशाला?” प्रश्न रास्त होता, पैसे त्यांचेच होते. मी जळलेल्या कॉइलचा तुकडा आणि दोन्ही मोटरींचे आलेख टेबलावर ठेवले आणि ११७० चा हिशोब मांडला. पॅनेल खाली आणा असे मी सांगितले नाही, पाण्याची भीती खरी आहे. भरायलाही सांगितले नाही. शाबूत मोटर उघडून नवी भरण्यात मला अर्थ दिसत नव्हता. ड्राइव्हच्या तोंडाशी फिल्टर बसवा, एवढेच म्हणाले. चांगला फिल्टर लहरीची चढण मंद करतो, आणि मोटरीवरचे शिखर डीसीच्या दीडपटीच्या आत ठेवता येते. म्हणजे ८८० च्या आसपास. १,००० आणि ८८० मध्ये फार जागा नाही, पण आहे, आणि त्या जागेत ही मोटर जगू शकते.

दोन्ही ड्राइव्हना फिल्टर मंजूर झाले. स्टँडबायची मोटर आम्ही काही न उघडता परत बसवली. कार्डावर तिचा सुरू होण्याचा आकडा, विझण्याचा आकडा, तापमान, आर्द्रता आणि केबलची लांबी लिहिली आहे; दिवाळीआधी ती पुन्हा उतरवून, कोरडी करून, याच टेस्टरवर मोजायची असे सोसायटीशी ठरले आहे. आकडा १,००० च्या खाली घसरलेला निघाला तर मात्र ती भरायलाच घ्यावी लागेल, आणि त्या वेळी फेज पेपर मामा स्वतः कापतील.